रक्तदाबाचं औषध आणि आरोहीचा डोळा

कोणतं बाळापूर

नांदेडच्या बस स्थानकावर चौकशीच्या खिडकीत मी बाळापूरची गाडी कुठे लागते असं विचारलं, तर आतल्या गृहस्थांनी उलट मलाच विचारलं, "कोणतं बाळापूर? अकोल्याचं का आखाडा बाळापूर?"

मी चिपळूणची. दोन गाड्या बदलून तिथवर पोचले होते आणि बाळापूर एकच आहे अशी माझी समजूत होती. आदल्या दिवशी रेल्वेत समोरच्या बाईंनीही "तुम्ही चुकीच्या गाडीत बसलात, बाळापूर अकोल्याकडे" असं इतकं ठासून सांगितलं होतं की मनमाडला उतरून पडावं की काय, असं मला झालं होतं. शेवटी मी खिडकीतल्या गृहस्थांना म्हटलं, "जिथे हळद होते ते."

"मग आखाडा," ते म्हणाले. "हिंगोली गाडीत बसा. वारंगा फाटा गेला की तयारीत राहा."

पुढचे सहा दिवस माझी अवस्था साधारण अशीच होती. ज्याला त्याला विचारावं, प्रत्येकाने खात्रीने सांगावं आणि प्रत्येकाचं थोडं थोडं बरोबर निघावं.

मी गेले होते सुनंदाकडे. वडिलांची बदली औरंगाबादला होती तेव्हा आम्ही दोघी फार्मसीच्या डिप्लोमाला एका बाकावर बसायचो. परीक्षेत ती माझ्या पुढे असायची. पण लग्न होऊन ती बाळापूरपासून पाच-सहा किलोमीटर आतल्या एका गावात आली, हळद आणि ज्वारीच्या घरात, आणि औषधाच्या काउंटरमागे तिने एक दिवसही काढला नाही. मी चिपळूणला सासरच्या दुकानात उभी राहिले ती अजून तिथेच आहे. वर्षातून दोन-तीन फोन, एवढाच काय तो संबंध उरला होता.

गेल्या फेब्रुवारीत तिचा फोन आला. इकडचं तिकडचं न विचारता म्हणाली, "माधवे, प्रोप्रॅनोलॉल लहान लेकराला देतात का ग?"

"किती लहान?"

"साडेतीन महिन्याचं."

"वेड लागलंय का? ते बीपीचं, हृदयाचं औषध."

"तेच मी म्हणून राहिले," ती म्हणाली. "तू ये. फोनवर मला काही समजून न्हाई राहिलं."

सुनंदाने मला इतक्या वर्षांत कधी ये म्हटलं नव्हतं. मी दुकान दिरांवर सोपवलं आणि निघाले.

पिवळं अंगण

बाळापूरच्या फाट्यावर तिचा मुलगा सचिन मोटारसायकल घेऊन आला होता. त्याचे हात कोपरापर्यंत पिवळे होते. "मावशी, घट्ट धरा, रस्ता खराब हाये," म्हणाला आणि मग वाटेभर एक शब्द बोलला नाही.

आमच्याकडे दहा पावलं सरळ चाललं की चढ किंवा उतार येतो. इथे जमीन जी सपाट सुरू झाली ती आभाळाला टेकेपर्यंत तशीच. माती काळी, भेगाळलेली. मध्येच एखादं कडुलिंबाचं झाड, आणि शेताशेतातून वाफ वर चढताना दिसत होती. हळद उकडायचे दिवस होते. लोखंडी टाक्यांत ओले कंद भरायचे, खालून वाफ सोडायची, आणि शिजले की ताडपत्रीवर पसरून वाळत घालायचे. तो वास सुवासिक म्हणवत नाही. माती, कच्चा भाजीपाला आणि औषधाची जुनी बाटली उघडल्यासारखं काहीतरी, असा तो. दुसऱ्या दिवशी माझ्या साडीला तो लागला आणि मग मला तो येईनासा झाला.

सुनंदा दारात उभी होती. केस पांढरे झालेले, पण उभं राहायची ढब तीच, एक पाय पुढे टाकून. तिने मला मिठी वगैरे मारली नाही. हातातली पिशवी घेतली आणि म्हणाली, "आधी जेव. भात केलाय तुझ्यासाठी. तुमी कोकणातले भाताबिगर जगत न्हाई ना."

भाताचा डोंगर होता. शेजारी ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि ओल्या हळदीचं लोणचं. मी भाकरीला हात घातला तर तिला आपला अपमान झाल्यासारखं वाटलं. मी भात खाल्ला, मग भाकरीही खाल्ली, आणि तेवढ्यात आतल्या खोलीतून तिची सून रेणुका बाळाला घेऊन बाहेर आली.

सुनंदाची नात, आरोही. तिच्या उजव्या पापणीवर पिकल्या तुतीसारखी लालभडक गाठ होती. खडबडीत, फुगलेली. तिच्या ओझ्याने पापणी खाली आली होती आणि डोळ्याची फक्त एक फट उरली होती. दुसरा डोळा टपोरा, हसरा. गाठीच्या कडेला हळदीचा पिवळा डाग होता, कुणीतरी लेप लावलेला.

"जन्मली तवा काहीच नव्हतं," सुनंदा म्हणाली. "पंधराव्या दिवशी मोहरीएवढा ठिपका दिसला. मंग वाढतच गेलं."

हिंगोलीच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी तपासून चिठ्ठी लिहून दिली होती. तिला तीन आठवडे झाले होते. चिठ्ठी देवाच्या फोटोमागे खोचलेली होती. मी उलगडून वाचली. औषधाचं नाव स्पष्ट, वय स्पष्ट, मात्रा थेंबांसारखी बारीक. खाली लिहिलं होतं: पहिला डोस दवाखान्यातच, देखरेखीखाली.

"आता तूच सांग," सुनंदा म्हणाली.

"उद्या औषधवाल्याला विचारू," एवढंच मी म्हटलं.

झाडाखालच्या बायका

दुसऱ्या दिवशी सकाळी शेतावर गेलो. जवळच्या तांड्यावरच्या बंजारा बायका झाडाखाली वाळलेली हळद निवडत बसल्या होत्या, गोल गड्डे एकीकडे, लांबट बोटं एकीकडे. मीही बसले. थोड्या वेळाने माझ्यासमोरच्या वयस्कर बाई, शेवंताबाई, माझा ढीग बघून म्हणाल्या, "बाई, तुमी सगळं मिसळून राहिल्या." मग त्यांनी न रागावता माझा ढीग पुन्हा निवडला.

आरोहीचा विषय त्यांनीच काढला. "माझ्या पोरीच्या पाठीवर असंच व्हतं. लाल, हे एवढं. आमी काहीच केलं न्हाई. शाळेत जायच्या आत आपोआप गेलं. आता तिला दोन लेकरं हायेत. पाठ साफ."

"खरं?" मी विचारलं.

"मी खोटं काहून बोलू?"

त्या खोटं बोलत नव्हत्या. अशा गाठी बहुतेक वेळा आपोआप विरतात, हे मीसुद्धा ऐकून होते. म्हणजे शेवंताबाईंचं बरोबर. मग हिंगोलीच्या बाईंनी इतक्या लहान जिवाला हृदयाचं औषध का लिहावं? घरी परतताना मी सुनंदाला म्हटलं, "थांबावं का आपण थोडं?" ती म्हणाली, "काल तू म्हटली औषधवाल्याला विचारू. आज म्हणते थांबू. माधवे, तू मला समजवायला आली का माझ्यासारखी व्हायला?"

बाळापूरचा बाजार

संध्याकाळच्या आत आम्ही बाळापूरला औषधाच्या दुकानात गेलो. बाजाराचा दिवस होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी भाजीवाले, मधून हळदीची पोती लादलेले टेम्पो, आणि त्या सगळ्यांतून वाट काढणारी एसटी. दुकानदार तिशी-पस्तिशीचा, नम्र. त्याने चिठ्ठी वाचली, परत वाचली.

"काकू, मागं पण तुमी आल्या होत्या. मी तवाच म्हटलं, वय लिहायला चूक झाली असंल. हे बीपीचं हाये. तीन महिन्याच्या लेकराला मी न्हाई देऊ शकत. उद्या काही झालं तर?"

मी त्याच्या जागी असते तर हेच केलं असतं. आणि हे मनात येताच मला एकदम आठवलं की मी हेच केलं आहे. दोन-तीन वर्षांपूर्वी चिपळूणला एक तरुण बाई दुकानात आली होती. कडेवर बाळ, बाळाच्या ओठापाशी असाच लाल फोड. चिठ्ठीवर औषध हेच. मी तिला म्हटलं होतं, "हे मोठ्यांचं औषध आहे, डॉक्टरांना परत विचारून या." मला वाटलं मी एका जिवाला वाचवलं. ती मान हलवून गेली आणि पुन्हा आली नाही. ती कुठल्या गावची, बाळाचं पुढे काय झालं, मी कधी विचार केला नव्हता.

बाजारातून बाहेर पडताना माझी चप्पल तुटली. सुनंदाने मला एका हाताने धरलं आणि आम्ही दोघी पन्नाशी उलटलेल्या बायका लंगडत फाट्यापर्यंत आलो. चिपळूणच्या त्या बाईचं सुनंदाला सांगावं असं फार वाटत होतं. मी सांगितलं नाही.

पिशवीतली पट्टी

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा ओतताना माझा हात थरथरला आणि बशीत चहा सांडला. ही माझी जुनी तक्रार. सकाळची गोळी घ्यायची राहिली होती. मी पिशवीतून पट्टी काढली, गोळी घेतली आणि पट्टी तिथेच ओट्यावर ठेवली.

सुनंदाने ती उचलून नाव वाचलं. मग माझ्याकडे बघितलं.

"तुला हार्टचं काय झालं?"

"हार्टचं काही नाही. हात कापतो म्हणून घेते. सहा वर्षं झाली."

"हेच औषध?"

"हेच."

ती पट्टी हातात धरून उभीच राहिली. मला स्वतःलाच विचित्र वाटायला लागलं. मी हे औषध तीस वर्षं विकते आहे. सासऱ्यांना रक्तदाबासाठी दिलं. शेजारच्या शिक्षिकेला अर्धशिशीसाठी देते. मला हात कापायला दिलं, तेव्हा मी एका शब्दाने विचारलं नाही की हृदयाच्या औषधाचा हाताशी काय संबंध. मात्र बाळाच्या डोळ्याचं नाव निघताच माझं सगळं ज्ञान जागं झालं.

हे मी तिला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "व्हय, पण तू छपन्न वर्षांची घोडी. ती साडेतीन महिन्यांची. काही झालं तर तू बोलून सांगशील. ती काय सांगणार?"

तिचंही बरोबरच होतं.

तेव्हा रेणुका, जिचा आवाज मी तीन दिवसांत नीट ऐकला नव्हता, सासूला म्हणाली, "आत्याबाई, मी एक दाखवू का?"

तिने आरोहीला मांडीवर उताणं घेतलं. हातातल्या बांगड्या वाजू नयेत म्हणून काढून ठेवल्या, त्यातली एकच लाल बांगडी चिमटीत धरली आणि बाळाच्या तोंडासमोरून हळूहळू डावीकडून उजवीकडे नेली. आरोहीने मान वळवून ती शेवटपर्यंत पाहिली. मग रेणुकाने आपल्या तळहाताने तिचा चांगला डोळा अलगद झाकला आणि बांगडी पुन्हा तशीच नेली. बाळ हललं नाही. एक क्षण ते स्थिर राहिलं, मग हात झाडायला लागलं, आणि रडायला लागलं.

"रोज बघते मी," रेणुका म्हणाली. "सचिनरावांना सांगितलं न्हाई, कुणालाच न्हाई. पंधरा दिवसांमागं हा डोळा झाकला तरी ती बांगडीकडं थोडी वळायची. आठ दिवसांपासून वळत न्हाई. डॉक्टरीण बाई म्हटल्या होत्या, आता बंद राहिला तर डोळा शिकणार न्हाई बघायला. शेवंताबाईच्या पोरीचं पाठीवर व्हतं. पाठीला काय बघायचं असतं?"

रेणुकाने बाळाला उचलून खांद्यावर घेतलं. ती बावीस-तेवीस वर्षांची असेल, बारावी झालेली. आम्ही दोघी डिप्लोमावाल्या तीन दिवस पुस्तकात काय होतं ते आठवत बसलो होतो आणि ती रोज बघत होती.

सुनंदाने फोटोमागची चिठ्ठी काढली. "सचिनला म्हणावं गाडी सांग," ती म्हणाली. "हिंगोलीला जायचं."

हिंगोली

बाळापूर ते हिंगोली रस्ता कळमनुरीवरून जातो. मी बाहेर पाहत होते, पण काय पाहिलं ते सांगता येणार नाही. शहरात शिरताना हळदीच्या गाड्यांची रांग लागली होती आणि आमची जीप तिच्यामागे बराच वेळ अडकली, एवढं आठवतं. सुनंदा दर दोन मिनिटांनी विचारत होती, "दवाखाना बंद तर न्हाई होणार?"

बालरोगतज्ज्ञ बाई चाळिशीच्या आतल्या, बारीक, चटचट बोलणाऱ्या. तीन आठवडे औषध सुरूच केलं नाही हे ऐकून त्या रागावल्या नाहीत. फक्त बाळाची पापणी बोटाने वर करून टॉर्चने बघताना त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"तुम्ही फार्मासिस्ट आहात असं आजी म्हणाल्या," त्या मला म्हणाल्या. "मग विचारा काय विचारायचंय ते."

"या औषधाने गाठ का बसते?" मी विचारलं.

"रक्तवाहिन्या आकसतात, नव्या फुटायच्या थांबतात, असं सांगतात. आणखीही दोन-तीन कारणं सांगतात. पण पूर्ण कळलंय असं मी तुम्हाला म्हणणार नाही."

"मग कुणाला सुचलं कसं हे?"

"सुचलं नाही. दिसलं. परदेशात एका बाळाला हृदयाच्या तक्रारीसाठी हे दिलं होतं. त्याच्या तोंडावर अशीच मोठी गाठ होती. हृदयावर लक्ष ठेवणाऱ्यांना दिसलं की गाठ मऊ पडत चाललीय, रंग उतरतोय. मग दुसऱ्या बाळांना देऊन पाहिलं, मग नीट चाचण्या झाल्या. आता या आजारात पहिलं हेच देतात."

इतकी वर्षं माझी समजूत होती की आधी कुणीतरी रोग समजून घेतं, मग त्यावर औषध शोधतं, आणि ते आमच्या कप्प्यात येऊन बसतं. हे औषध तर कधीच कप्प्यात होतं.

"तुम्ही दुकानात काय करता अशी चिठ्ठी आली की?" बाईंनी सहज विचारलं.

"एकदा आली होती. मी परत पाठवली," मी म्हटलं. सुनंदाने माझ्याकडे वळून पाहिलं.

बाई म्हणाल्या, "शंका घेतलीत ते चांगलंच. पण पेशंटला परत पाठवू नका. चिठ्ठीवर डॉक्टरचा नंबर असतो, तुम्ही फोन करा. परत पाठवलेला माणूस पुन्हा डॉक्टरकडे जातोच असं नाही."

मग त्यांनी बाळाच्या छातीला नळी लावली, पायाच्या टाचेला टोचून रक्तातली साखर पाहिली, रेणुकाला आधी दूध पाजायला सांगितलं. दूध पिऊन झाल्यावर पातळ औषध सुईविना सिरिंजमध्ये भरून तिच्या हातात दिलं. रेणुकाने ते गालाच्या आतल्या बाजूने हळूहळू सोडलं. आरोहीने तोंड वाकडं केलं आणि गिळलं. सगळं मिळून दहा सेकंदांचं काम.

त्यानंतर दोन तास बसायचं होतं. दर अर्ध्या तासाने नर्स येऊन ठोके मोजून जायची. एकदा सुनंदाने बाळाचे पाय हातात घेतले आणि तिचा चेहरा उतरला. "थंड लागून राहिले ग. बघ." मी हात लावला. खरंच गार होते. हात-पाय गार पडणं या औषधाने होतं, हे मला पाठ होतं. पण पाठ असलेली गोष्ट हातात आली तेव्हा मी नर्सला हाक मारायला धावले आणि दारातल्या बादलीला अडखळले. बाईंनी येऊन ठोके पाहिले, पुन्हा साखर पाहिली. सगळं ठीक होतं. "मोजे घाला," त्या म्हणाल्या.

निघताना त्यांनी नियम सांगितले. उपाशीपोटी साखर उतरते म्हणून दूध पाजल्यावरच द्यायचं. बाळ पीत नसेल, उलटी करत असेल किंवा छातीत घरघर असेल तर तो डोस द्यायचा नाही, लगेच फोन करायचा. ते खूप झोपाळलं, घाम आला, गार पडलं तर ताबडतोब दवाखाना गाठायचा. मात्रा आपल्या मनाने वाढवायची नाही. सुनंदाने प्रत्येक नियम मोठ्याने परत म्हणून दाखवला, परीक्षेच्या आदल्या दिवशी म्हणायची तशी.

निरोप

परतताना जीपमध्ये मी सुनंदाला चिपळूणच्या त्या बाईचं सगळं सांगितलं. मी आणखी तीन दिवस राहिले. दर सकाळी अंगणातल्या उजेडात आरोहीला आणून आम्ही पापणी बघायचो आणि भांडायचो. सुनंदाला रंग फिका वाटायचा. रेणुकाला काहीच फरक दिसत नव्हता. सचिन म्हणायचा, "काल ढग व्हते, आज ऊन हाये, म्हणून तसं वाटतं." मला एकदा हो वाटे, एकदा नाही. शेवंताबाई येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, "लेकरू हसून राहिलं ना, मंग बास." जाताना त्यांनी आरोहीच्या पायांत आपल्या हाताने विणलेले मोजे घातले, तांड्यावरच्या कपड्यांना असतात तसे आरसे न लावता, कारण टोचतील.

सहाव्या दिवशी सुनंदा मला फाट्यावर सोडायला आली. पिशवीत धपाटे आणि ओल्या हळदीच्या लोणच्याची बरणी होती. गाडीची वाट बघत उभं असताना ती म्हणाली, "ती चिपळूणची बाई. सापडंल का तुला?"

"माहीत नाही. नावही विचारलं नव्हतं."

"विचार लोकांना," ती म्हणाली. "लहान लेकराच्या ओठावर व्हतं म्हटल्यावर कुणाला तरी आठवंल."

मी चिपळूणला आल्यापासून विचारते आहे. अजून कुणाला आठवलेलं नाही.

आरोही आता सात महिन्यांची आहे. गाठ पूर्ण गेलेली नाही, पण बसली आहे, तिचा लाल रंग मातकट झालाय आणि डोळा अर्ध्याहून जास्त उघडतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी रोज थोडा वेळ चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायला सांगितली आहे. उजव्या डोळ्याची नजर किती येईल ते आत्ताच सांगता येत नाही, असं ते म्हणतात. मध्ये एकदा तिला उलट्या झाल्या, रेणुकाने डोस थांबवला आणि फोन केला, आणि दोन दिवसांनी बाईंच्या सांगण्यावरून पुन्हा सुरू केला. हे सगळं तिने एकटीने केलं.

सुनंदाचा फोन आता दर रविवारी येतो. रेणुका शेतावर असली की डोस सुनंदा देते. परवा पुन्हा तिने विचारलं, "माधवे, त्या औषधाचं तू वाचणार व्हती ना? नेमकं कसं करतं ग ते औषध?"

मी खरंच बरंच वाचलं होतं. एकाने एक सांगितलेलं, दुसऱ्याने दुसरं. मी म्हटलं, "वाचलं, पण अजून मला नीट कळलं नाही."

"बरं," ती म्हणाली. "कळलं की सांग. तवर मी देऊन राहिले." पाठीमागे आरोहीचं रडणं ऐकू आलं, दुधाची वेळ झाली होती, आणि तिने फोन ठेवला.